राखणीची राखण

ज्यांचे राहते घर पुण्यास, वडिलार्जित घर कोकणात आणि जीव मात्र त्या दुसऱ्या घराच्या माजघरात, फडताळावर ठेवलेल्या एका पांढऱ्या पेटीत अडकलेला, अशा सद्गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग गेल्या काही वर्षांत आपल्याकडे निर्माण झाला असून, समाजशास्त्रज्ञांनी त्याची अद्याप दखल घेतलेली नसली, तरी सोसायटीच्या आवारात सकाळी फेऱ्या घालणाऱ्या कोणाही माणसास तो दुरून ओळखता येतो. उठल्याबरोबर करदर्शन घेण्याचा जुना आचार हा गृहस्थ निष्ठेने पाळतो. फरक इतकाच, की त्या करात आधीपासूनच मोबाइल असतो. त्या मोबाइलवर चार चौकटी उमटल्या आणि त्यांत फाटक, खळे, विहीर व मागील पडवी ही चारी स्थळे यथास्थित दिसली, तर त्याला चहा गोड लागतो, वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराची तो आपुलकीने चौकशी करतो आणि महागाईविषयीदेखील आशेने बोलतो. चौकटी काळ्याच राहून त्यांच्या मध्यभागी एक पांढरे वर्तुळ गरगरू लागले, तर मात्र त्या दिवशी त्याच्यापाशी सोसायटीच्या वर्गणीचा विषय काढू नये, हे शहाण्यास सांगावे लागत नाही.

आमच्या इमारतीतील भाऊसाहेब हे या वर्गाचे अग्रणी होत. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून आणि अखेरची काही वर्षे नायब तहसीलदारीच्या खुर्चीत काढून ते रीतसर निवृत्त झाले. परंतु खात्याने त्यांना सोडले म्हणून त्यांनी खात्यास सोडले, असे काही घडले नाही. घरी आलेले विजेचे बिल त्यांच्या लेखी आजही 'आवक' होते, वाण्याकडे जाणारी यादी 'जावक' होते, आणि वहिनींनी एखादे काम दुसऱ्यांदा सांगितले की तिकडे स्मरणपत्राच्या नजरेने पाहून ते अधिक काही करण्याची आवश्यकता नाही असे ठरवतात. अशा माणसाच्या हाती राउटर पडावा, ही केवळ दैवयोगाची गोष्ट म्हणता येणार नाही. तक्रार, तगादा, चौकशी, जाबजबाब आणि फेरतपासणी यांना जितका वाव या यंत्राने ठेवला आहे, तितका हद्दीच्या वादातसुद्धा सापडणे कठीण.

या छंदाचे मूळ मात्र हसण्याजोगे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले आणि दापोली-मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या, तेव्हा टाळेबंदीमुळे भाऊसाहेब पुण्यात तिसऱ्या मजल्यावर अडकून पडले होते. गावाकडचे विजेचे खांब कोसळलेले, तारा तुटलेल्या, मोबाइलचे मनोरे मुके. आपले घर उभे आहे की नाही, एवढी एक गोष्ट कळावयास त्यांना कित्येक दिवस वाट पाहावी लागली, आणि कळली तेव्हा निम्मी कौले उडून गेली होती व आजोबांच्या हातचा आंबा विहिरीवर पडला होता. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे केले, त्याला स्वतःच्या नुकसानीचा पंचनामा दुसऱ्याच्या तोंडून, तोही फोनवर तुटक तुटक ऐकावा लागला, हा सल त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे यथावकाश त्या वाडीत फायबरची तार येऊन पोहोचली, तेव्हा चार कॅमेरे, एक रेकॉर्डर आणि एक राउटर यांची त्यांनी त्या घरात सुमुहूर्तावर स्थापना केली.

तेथे चोरण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न वहिनींनी केला होता. उत्तरादाखल भाऊसाहेबांनी जंगम मालमत्तेची यादी सादर केली: तांब्याचे घंगाळ एक, हंडे दोन, समया दोन (पैकी एक डुगडुगती), पाट सात, जाते एक, आणि 'किरकोळ'. या सर्वांच्या मोड-किमतीपेक्षा एकट्या रेकॉर्डरचीच किंमत अधिक भरते, हे वहिनींच्या तत्काळ ध्यानात आले. भाऊसाहेबांच्या आले नसेल असे नाही. पण खजिन्यातील शिलकेपेक्षा पहाऱ्याचा खर्च अधिक असल्याचे दाखले त्यांनी आपल्या नोकरीत पाहिले होते, आणि त्यामुळे कोठे काही बिघडल्याचे त्यांच्या ऐकिवात नव्हते.

बिघडले ते पहिल्या पावसात. कॅमेऱ्याला डोळा आहे, रेकॉर्डरला स्मरण आहे, परंतु या दोघांची वाचा जो राउटर, तो बारा व्होल्टच्या एका क्षुद्र अडॅप्टरवर जगतो, अडॅप्टर महावितरणच्या कृपेवर जगतो, आणि कोकणात आषाढाच्या तोंडी महावितरण कोणाच्या कृपेवर जगते हे सांगावयास नको. शिवाय वीज असतानाही हे यंत्र अधूनमधून, सर्व दिवे हिरवेगार ठेवून, कसलेही कारण न देता मौन धारण करते, आणि एकवार बंद करून पुन्हा चालू केले की निमूटपणे कामास लागते. यावर तोडगा म्हणून भाऊसाहेबांनी बाजारातून चकतीचा एक टायमर आणला, त्याच्या खुंट्या दाबून ठेवल्या, आणि रोज पहाटे चार वाजता राउटरची वीज पंधरा मिनिटे तुटून पुन्हा सुरू व्हावी, म्हणजे ब्राह्ममुहूर्ती त्याचे जणू स्नान उरकेल, अशी तजवीज केली. योजना निर्दोष होती. फक्त त्या टायमरची चकती विजेवरच फिरत असल्याने वीज जितका वेळ जाई तितका वेळ ती थबकून राही. परिणामी आषाढात पहाटे चारला होणारे हे स्नान श्रावणात सकाळच्या चहावर आले आणि गणपतीच्या सुमारास भर दुपारच्या वामकुक्षीपर्यंत सरकले. भाऊसाहेबांच्या रोजनाम्यात त्या पंधरवड्यात 'राउटर दररोज दुपारी अकारण बंद पडतो, कंपनीचा हलगर्जीपणा उघड दिसतो' अशा नोंदी ओळीने आढळतात. पुढे वीज गेली तरी राउटर जागता राहावा म्हणून त्यांनी टायमर आणि राउटर यांच्यामध्ये बॅटरीची एक डबी बसवली. आता टायमरने नेमाने वीज तोडावी आणि डबीने तितक्याच नेमाने ती पुरवावी, असा परस्परांचे आदेश रद्दबातल करणारा कारभार सुरू झाला, व मौनात गेलेला राउटर आपले मौन निर्वेधपणे पाळू लागला. दोन खात्यांच्या अशा सहकार्याचे भाऊसाहेबांना खरे म्हणजे नवल वाटावयास नको होते.

पत्त्याचे प्रकरण याहून गहन. इंटरनेटच्या मूळ व्यवस्थेत पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटीच निघतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातील अखेरचे पाच हिस्से जगातील पाच प्रादेशिक निबंधकांना वाटण्यात येऊन कोठार रिकामे झाले, आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याच्या साठ्यावर त्याच वर्षी एप्रिलात शिधावाटपाची पाळी आली. तेव्हापासून पुष्कळ कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आतल्या आत प्रत्येकास शंभर-चौसष्टने सुरू होणाऱ्या मालिकेतला एक घरगुती क्रमांक चिकटवतात. ही मालिका २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आली. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे तीस आणि टपालाचा पत्ता एकच, त्यातून पोस्टमनला बिऱ्हाडकरूंची नावे ठाऊक नाहीत, असा हा प्रकार आहे: आतल्याने पत्र टाकले तर त्याचे उत्तर बरोबर त्याच्या हाती पडते, पण बाहेरच्याने आपण होऊन कोणाला हाक मारली, तर ती दिंडीदरवाजातच विरते. भाऊसाहेबांचा रेकॉर्डर या वाड्यातल्या शेवटच्या खोलीत बसला होता, आणि पुण्याहून मारलेली हाक त्याला ऐकू जात नव्हती.

कॅमेरे बसविणाऱ्या पोराने यावर सोपी युक्ती सुचवली. रेकॉर्डरवर चिकटवलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्राकडे मोबाइल धरावा, म्हणजे कारखानदाराचा सर्व्हर मध्यस्थी करून दोहोंची गाठ घालून देतो. पत्त्याची कटकटच उरत नाही. लाखो लोक हेच करतात आणि सुखाने झोपतात. भाऊसाहेबांनी पोरास बसवून घेतले, पाणी दिले, आणि विचारले, की आमच्या विहिरीवर कोण पाण्याला आले याची खबर आधी त्रयस्थ इसमाच्या दप्तरी दाखल व्हावी आणि मग तेथून नक्कल आम्हांस मिळावी, हे कोणत्या नियमात बसते? पोरगा पाणी पिऊन गेला.

मग सुरू झाला तो कंपनीशी पत्रव्यवहार. 'विषय : स्थिर पत्ता मिळणेबाबत' या मथळ्याची, संदर्भांच्या उतरंडीसह लिहिलेली ती पत्रे मी वाचली आहेत, आणि महसुली गद्याचा इतका परिपक्व नमुना आता सरकारी कचेरीतही दुर्मिळ झाला आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. कंपनीकडून उत्तरादाखल एका तरुण आवाजाचा फोन येई आणि तो दर वेळी एकच विचारी, "सर, राउटर एकदा बंद करून चालू केलात का?" भाऊसाहेब त्यास नाव व हुद्दा विचारीत आणि हे फर्मान कोणत्या परिपत्रकान्वये सोडण्यात आले आहे त्याचा क्रमांक मागत. हा सामना बरोबरीतच सुटावयाचा. परंतु अखेर वार्षिक शुल्क भरल्यावर ठिपक्यांनी विभागलेल्या चार आकड्यांचा एक अढळ पत्ता त्यांच्या नावे मंजूर झाला, आणि त्या दिवशी त्यांनी इमारतीत पेढे वाटले. कशाचे, म्हणून विचारणाऱ्यांस त्यांनी "फेरफार मंजूर झाला" एवढेच सांगितले. लोकांना वाटले, भाऊबंदकीचा दावा जिंकला.

पेढ्यांचा गोडवा त्यांच्या भाच्याने घालवला. हा भाचा संगणकाच्या व्यवसायात आहे आणि आनंदाच्या प्रसंगी धोक्याची सूचना देण्याची त्याला खोड आहे. त्याने सांगितले, की अढळ पत्ता घेऊन राउटरला खिडकी पाडणे म्हणजे साऱ्या जगाला ती खिडकी दाखवणे होय. २०१६ साली मिराई नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमने असेच उघड्यावरचे रेकॉर्डर व कॅमेरे जगभर हुडकून काढले. कारखान्यातून येतानाच घातलेले, मालकाने कधीही न बदललेले साठएक परवलीचे शब्द तो एकामागून एक लावून पाही, आणि दार उघडले की त्या यंत्रास आपल्या फौजेत दाखल करून घेई. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत डाइन नावाच्या कंपनीवर असा हल्ला चढवला, की ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी संस्थाने कित्येक तास दिसेनाशी झाली. आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात हा प्रोग्रॅम रचल्याचा गुन्हा कबूल केला तो ऐन विशीतल्या तीन अमेरिकन पोरांनी.

ही हकीकत ऐकून भाऊसाहेब रात्रभर झोपले नाहीत. चोर घरात शिरेल या शक्यतेस ते तयार होते. पण आपला पहारेकरीच फितूर होऊन, दिवसा खळ्यावरची वाळवणे राखीत आणि रात्री अमेरिकेवर चाल करून जात असेल, ही कल्पना त्यांना असह्य झाली. सकाळी उठून त्यांनी परवलीचा शब्द बदलला, खिडकीचा क्रमांकही आठ हजारांवरून काढून भलताच केला, आणि या दोहोंची नोंद एका वहीत मोडी लिपीत करून ठेवली. जुन्या दस्तांच्या निमित्ताने ते मोडी शिकले होते. ती चोरास येत नाही, हा त्यांचा हिशेब बरोबर होता. ती वहिनींना आणि भाच्यालाही येत नाही, ही गोष्ट मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी बांधून ते पडले असताना उघडकीस आली. भाच्याचे म्हणणे असे, की खिडकी अजिबात लिंपून टाकून व्हीपीएनचा बंदिस्त बोगदा खणावा. तो प्रस्ताव भाऊसाहेबांनी फेटाळलेला नाही, विचाराधीन ठेवला आहे.

या सर्व कारभाराचा गावाकडील अंमलदार म्हणजे गुरवाचा मुलगा. देवळातली पूजा आटोपली की तो भाऊसाहेबांचे दार उघडून माजघरात जातो आणि फोनवरून दिव्यांचा जबाब देतो. "भाऊ, पहिला हिरवा. दुसरा हिरवा, पण लुकलुकतोय. तिसरा लाल." तिसरा लाल याचा अर्थ फायबरमधून उजेडच येत नाही, म्हणजे कोठे तरी झाड पडले किंवा जेसीबीने रस्ता उकरला, तेथे भाऊसाहेबांचाही इलाज चालत नाही. पण एकदा तिन्ही दिवे हिरवे असून चित्र येईना, तेव्हा त्यांनी "मागचे बटण दाब" असा तोंडी आदेश दिला. मागे बटण होते तसे एक बारीक भोकही होते. तोंडी आदेशात स्थळ स्पष्ट केले नसल्यामुळे गुरवाच्या मुलाने माडाचा एक हीर सोलून त्या भोकात खुपसला आणि सर्व दिवे एकदम विझेपर्यंत, पूजेतल्या एकाग्रतेने, दाबून धरला. अढळ पत्ता, खिडकीचा क्रमांक, रेकॉर्डरला नेमून दिलेली खोली, 'श्री गजानन प्रसन्न' हे वायफायचे नाव, असे सगळे दप्तर एका हिराने जाळून टाकले. त्याच रात्री भाऊसाहेब स्वारगेटहून दापोलीची गाडी पकडून निघाले. गुरवाच्या मुलाला ते एक शब्दही बोलले नाहीत. तोंडी आदेश देऊ नयेत हे त्यांनीच आपल्या हाताखालच्या कारकुनांना पढवलेले होते.

त्यानंतर त्यांनी राउटरवर नजर ठेवणारे आणखी एक यंत्र बसवले. ते ठरावीक वेळाने बाहेरच्या जगाला हाक मारते आणि ओ आली नाही की राउटरची वीज तोडून जोडते. यात चूक काहीच नाही; मात्र पुढे चार दिवस फायबरच तुटलेली होती आणि हे प्रामाणिक यंत्र चारही दिवस, अहोरात्र, दर दहा मिनिटांनी राउटरला उठबशा काढायला लावीत होते.

इतके सायास करून दिसते काय, असे कोणी विचारील. रात्री दिसतो तो बहुधा कोळी. अंधारात कॅमेरा आपला अदृश्य दिवा लावतो, भिंगासमोर जाळे विणून बसलेला नखाएवढा प्राणी त्या उजेडात चौकटभर पांढराशुभ्र होऊन हलतो, आणि पुण्यात मध्यरात्री मोबाइल 'हालचाल' म्हणून कोकलू लागतो. दिवसा वानर येतात आणि मागील पडवीचा कॅमेरा आकाशाकडे वळवून जातात. एरवी ऊन सरकते, पोफळीची झावळी पडते, मांजर विहिरीच्या काठावर बसते. रेकॉर्डरची तबकडी भरली की जुने पुसून त्यावर नवे उमटते, ही गोष्ट मात्र भाऊसाहेबांना मान्य नाही. अभिलेखांचे 'अ' वर्ग कायम आणि 'ड' वर्ग एक वर्ष, अशी शिस्त ज्याने पाळली, त्याने पंधरवड्यात सरसकट सर्व काही नष्ट होऊ द्यावे हे कसे शक्य आहे? म्हणून 'अ' वर्गातील चित्रे ते वेगळी काढून जपतात. त्यांत पहिल्या पावसाचे खळे आहे, आणि विहिरीपाशी त्या पडलेल्या आंब्याच्या बुंध्याला फुटलेली पालवी आहे. तीवर एका वर्षी रेकॉर्डरची आतली बॅटरी संपल्यामुळे १ जानेवारी २००० अशी तारीख पडली; भाऊसाहेबांनी सोबत दुरुस्तीपत्रक जोडले आहे.

वाडीला मात्र या कारभाराचा उपयोग त्यांच्याआधी कळला. आता तेथे म्हैस सुटली की लोक रानात न जाता पुण्यास फोन लावतात. "भाऊ, आमची चांदी तुमच्या आगरात शिरली काय, बघा जरा." भाऊसाहेब चष्मा लावून चारही चौकटी तपासतात आणि म्हैस सव्वाअकरा वाजता गडग्यावरून पूर्वेस गेल्याचे वेळेसह कळवतात. गुरवाची बायको मुलगा देवळातून परतला का हे त्यांना विचारते. कोणाचे वाळत घातलेले आमसूल भिजणार असेल तर तेच उलट फोन करून सरी येत असल्याचे सांगतात. नोकरीत असताना गावाकडे फिरकायला ज्यांना सवड मिळत नसे, ते गृहस्थ आज दोनशे किलोमीटरवरून वाडीतले बिनपगारी पोलीसपाटील झाले आहेत, आणि गावात राहणाऱ्यांपेक्षा गावची खबर त्यांना अधिक असते. राउटर चालू असेल तोवर.

गेल्या मे महिन्यात उभयता आंब्यांसाठी गावी गेले. पहिल्याच सकाळी भाऊसाहेबांनी ओटीवर बसून मोबाइल उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला: चारही चौकटी काळ्या. राउटर हिरवा, रेकॉर्डर गुणगुणतो आहे, पण चित्र नाही. भाच्याने फोनवर खुलासा केला, की घराच्या आतून घराचाच बाहेरचा पत्ता मागितला, तर पुष्कळशा घरगुती राउटरांची मती कुंठित होते. आपल्याच दारातून बाहेर पडून आपल्याच दारातून आत येण्याची कसरत त्यांना साधत नाही. आत असेपर्यंत आतला पत्ता घालावा, किंवा सरळ मान वर करून घर डोळ्यांनी पाहावे. पहिला उपाय भाऊसाहेबांच्या मते दप्तरातील कायम नोंदीत अकारण खाडाखोड करणारा होता, आणि दुसऱ्या उपायाची त्यांनी दखल घेतली नाही. वायफाय बंद करून मोबाइलच्या रेंजवर पाहावे, तर त्या घरात रेंज नाही. ती आहे वरच्या सड्यावर. तेव्हा रोज दुपारी जेवणाआधी, छत्री उघडून, तापलेल्या कातळावरून सडा चढावयाचा, करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसावयाचे, आणि पायथ्याशी उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसत असलेले आपले घर मोबाइलमध्ये पाहून खात्री करून घ्यावयाची, असा परिपाठ त्यांनी ठेवला.

अशाच एका दुपारी चौकट क्रमांक दोनमध्ये वहिनी खळ्यात येऊन उभ्या राहिलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून एक हात तोंडाशी नेला, दुसरा हात वर करून जोरजोराने हलवला, आणि पुन्हा तोंडाशी नेला. चित्राला आवाज नव्हता. भाऊसाहेबांनी क्षणभर विचार करून गुरवाच्या मुलास फोन लावला, आणि खळ्यावरचा कॅमेरा वर कलंडला असून वहिनी तशी खूण करीत आहेत, तरी शिडी घेऊन तातडीने जावे, असा हुकूम दिला. मुलगा गेला. त्या दिवशीच्या रोजनाम्यात पुढील नोंद आहे : 'दुपारी १ वाजून १० मिनिटे. इसम एक, शिडीसह, फाटकातून आत. शिडी खळ्यात, इसम स्वयंपाकघराकडे. १ वाजून ४८ मिनिटे. सदर इसम तोंड पुशीत बाहेर. कॅमेरा पूर्ववत.'